जोडाक्षरं आणि लिनक्सचा फोन

8 जून 2025, रविवार

पोको एफ1 वर पोस्टमार्केटओएस नीट चालू लागलं. 2018 च्या ऑगस्टमध्ये हा फोन भारतात 20,999 रुपयांपासून विकायला आला, तेव्हा स्नॅपड्रॅगन 845 एवढ्या पैशांत मिळतो याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या त्याला आता मिळत नाहीत. पण आतली चिप दमदार आहे, रॅम सहा जीबी आहे, आणि असे फोन घरोघरी कपाटांत पडून आहेत. पोस्टमार्केटओएसचं काम 2017 मध्ये सुरू झालं ते फोन दहा वर्षं तरी वापरात राहिला पाहिजे या जिद्दीनं. पाया अल्पाइन लिनक्सचा, वर फॉश या मोबाइल इंटरफेसचा पडदा.

कुणी हाच फोन घेऊन बसणार असेल तर एक सांगून ठेवतो. पोको एफ1 तियान्मा आणि ईबीबीजी अशा दोन वेगळ्या डिस्प्लेंसह विकला गेला आहे. इमेज निवडण्याआधी आपला डिस्प्ले कुठला ते बघावं.

टेबलावर दुसरा फोन मित्राकडून आणलेला पाइनफोन. त्याची चिप ऑलविनर ए64 आणि ग्राफिक्स माली-400, म्हणजे पोकोच्या मानानं अगदी अशक्त. मी जो खेळ बांधतोय तो दोन्हींवर चालला पाहिजे, ही माझी अट.

खेळ जोडाक्षरांचा. पडद्यावर अक्षरांच्या सोंगट्या. पाय मोडलेला 'क' सरकवत 'ष'जवळ नेला की दोघं मिळून 'क्ष' व्हायचं. पाय मोडलेला 'र' 'क'च्या आधी ठेवला तर डोक्यावर रफार, 'क'चा पाय मोडून 'र' नंतर ठेवला तर 'क्र'. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतात. कल्पना त्यांची, बांधणी माझी.

11 जून, बुधवार

खेळ बांधायच्या मोठ्या इंजिनांची चाळणी आज झाली आणि फार वेळ लागला नाही. 'लिनक्सवर चालतं' असं ज्या इंजिनाच्या माहितीत लिहिलेलं असतं, तिथे बहुतेक वेळा टेबलावरचा इंटेल-एएमडीचा संगणक अभिप्रेत असतो. युनिटीचं तसंच आहे. लिनक्ससाठी नेहमीच्या मार्गानं तयार होणारा खेळ x86 चा. फोन एआरएमचा. विषय संपला. शिवाय 2023 च्या सप्टेंबरात त्यांनी इन्स्टॉलमागे पैसे आकारण्याचं जाहीर केलं आणि वर्षभरानं ते मागे घेतलं. मुलांना फुकट द्यायच्या खेळाचा पाया अशा हलत्या जमिनीवर नको.

गोडो मात्र मनापासून आवडतं. अर्जेंटिनात जन्मलेलं, 2014 पासून एमआयटी परवान्याखाली खुलं. 4.2 पासून एआरएम लिनक्ससाठी अधिकृत बांधणीही मिळते. अडचण वेगळीच आली. ती बांधणी ग्लिबसी या सी लायब्ररीवर उभी आहे आणि अल्पाइन मसल वापरतं, त्यामुळे फाइल फोनवर टाकून ती चालत नाही. उपाय सोपा निघाला: गोडो अल्पाइनच्या भांडारातून घ्यायचं आणि आपला खेळ फक्त पीसीके फाइल म्हणून त्याला द्यायचा. पोकोवर मोकळी चौकट, उडणारा चेंडू, सगळं झकास.

फक्त एक खटकलं: गोडोची खिडकी एक्सवेलँड या जुन्या एक्स11 साठीच्या पुलावरून येते म्हणून कडा धूसर दिसतात. फॉश सगळं दुप्पट-तिप्पट मोठं करून दाखवतं आणि जुन्या एक्स11 च्या खिडक्या ताणून मोठ्या होतात. चेंडू धूसर झाला तर खपतं, वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या पुढ्यातलं अक्षर धूसर झालेलं नाही चालणार. 4.3 पासून गोडोत थेट वेलँडची सोय आहे, पण ती अजून प्रायोगिक मानली जाते.

14 जून, शनिवार

अक्षरांची परीक्षा. शब्द ठरवून घेतले: किती, क्षत्रिय, कार्तिक, श्रद्धा, राष्ट्र, वऱ्हाड, दुसऱ्या. यात पहिली वेलांटी आहे, रफार आहे, उभी-आडवी जोडाक्षरं आहेत, आणि वऱ्हाडातला तो 'ऱ्ह', जो हिंदीसाठी चाचणी करणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही.

गोडो 4 सगळ्यांत उत्तीर्ण. त्यात हार्फबझ आहे. फॉन्टमधले नियम वाचून कुठली खूण कुठे बसवायची, कुठले दोन आकार काढून तिथे तिसरा ठेवायचा हे काम ही लायब्ररी करते. गोडो 3 मध्ये ती नाही. तिथे संगणकात अक्षरं ज्या क्रमानं साठवली आहेत त्याच क्रमानं ओळीनं मांडली जातात. 'किती'ची वेलांटी 'क'च्या पुढे येऊन पडते, 'क्षत्रिय'मध्ये 'क' आणि 'त' सुटे, पाय मोडलेले दिसतात.

दोन्हींचे फोटो वहिनींना पाठवले. लगेच फोन आला. "भावजी, ते दुसरं मुलांना अजिबात दाखवू नका हं. पोरं जे बघतात तेच वहीत उतरवतात. मग मला वर्षभर तेच पुसत बसावं लागेल."

15 जून, रविवार

पाऊस लागून राहिलाय. वीज जाते-येते, फोनवर काम करणं त्यातल्या त्यात बरं.

पाइनफोनवर गोडो 4 सुरूच होत नाही, आणि हे दुरुस्त होण्यासारखं नाही. माली-400 ला ओपनजीएल ईएस 2.0 एवढंच येतं. तिच्यासाठीचा लिमा हा खुला ड्रायव्हर 2019 पासून लिनक्स कर्नेल आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीत आहे, पण चिपमध्येच जे नाही ते ड्रायव्हर कुठून आणणार? गोडो 4 ची सर्वांत हलकी चित्रपद्धतही ईएस 3.0 मागते. ग्राफिक्सचं काम प्रोसेसरवर ढकलून बघितलं. चारही कोर तापले आणि सोंगटी बोटामागून रखडत आली.

गोडो 3 मध्ये ईएस 2.0 ची सोय आहे, तर तिथे देवनागरी मोडते. म्हणजे जुनं गोडो जुन्या चिपवर चालतं पण त्याला मराठी लिहिता येत नाही, आणि नवं मराठी लिहितं पण जुन्या चिपवर चालत नाही. हे मला फार लागलं. जुना, स्वस्त फोन ज्यांच्या हातात असतो, त्याच घरांतल्या मुलांना स्वच्छ मराठी अक्षर मिळणार नाही, अशी ही मांडणी. कुणी मुद्दाम केलेली नाही हे कळतं, पण म्हणून ती मान्य करायची असं नाही.

पोकोवर असला काही प्रश्न नाही. त्याच्या अ‍ॅड्रिनो 630 ला फ्रीड्रीनो हा खुला ड्रायव्हर उत्तम सांभाळतो.

21 जून, शनिवार

लहान साधनं. रेलिब सुरेख आहे, सी येणाऱ्यानं एका संध्याकाळी शिकावं असं, ईएस 2.0 वरही चालतं. पण अक्षरजोडणी त्यात नाही. लव्हचं तेच: लुआत लिहायचं, सगळा खेळ एका झिप फाइलमध्ये, पाइनफोनवर झटकन उघडतो, आणि 11 व्या आवृत्तीत देवनागरी मोडकी.

एसडीएलपाशी जास्त थांबलो. 1998 पासून चालत आलेली ही लायब्ररी, वेलँड येतं, स्पर्श येतो, आणि तिच्या सोबतची फॉन्टची लायब्ररी हार्फबझसह बांधता येते. 'वऱ्हाड' बरोबर उमटलं. पण बटणं, याद्या, आडवा-उभा पडदा, अ‍ॅनिमेशन हे सगळं हातानं लिहावं लागेल. एकट्या माणसाला ते झेपतं, पण मग खेळाऐवजी इंजिनच लिहून होतं.

एका जाणकार मित्रानं सुचवलं, "अरे, अक्षरांची चित्रंच करून ठेव ना. कुठलंही इंजिन चालेल." बरेच जण असंच करतात आणि ठरावीक शब्दांच्या खेळाला ते पुरतं. इथे नाही पुरणार. मुलानं कुठलीही सोंगटी कुठल्याही सोंगटीला लावावी आणि काय होतं ते बघावं, यातच या खेळाचा जीव आहे. 'ट'ला 'य' लावला तर? 'द'ला 'ध' आणि त्याला पुन्हा 'य'? 'ह'ला 'म'? एवढ्या जोड्यांची चित्रं करायची तर फॉन्टमध्ये आधीच झालेलं काम पुन्हा करणं आलं. चित्र काढणारं इंजिन या खेळात दुय्यम आहे. अक्षर जोडणारी लायब्ररी हेच या खेळाचं इंजिन.

हे एवढं स्पष्ट झाल्यावर बाकीचं सोपं वाटायला लागलं.

25 जून, बुधवार

साधन कुठलंही घेतलं तरी एक काम माझ्याच वाट्याचं होतं, ते आज केलं: शब्द अक्षरांत तोडणं. 'क्षत्रिय' म्हटलं की मूल तीन अक्षरं मोजतं: क्ष, त्रि, य. युनिकोडच्या हिशेबात ती आठ चिन्हं, आणि यूटीएफ-8 मध्ये 24 बाइट. शब्दाची लांबी विचारली तर कुठली भाषा 24 सांगते, कुठली 8, आणि तीन बहुतेक भाषा आपणहून सांगत नाहीत. 2023 मधल्या युनिकोड 15.1 नं देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम आणला, पण जुन्या लायब्ऱ्यांत तो नाही.

म्हणून नियम मीच लिहिला. व्यंजन, त्यापुढे पाय मोडल्याची खूण असेल तर पुढचं व्यंजनही त्याच गटात, मग असेल ती स्वरखूण, मग अनुस्वार किंवा विसर्ग. नुक्त्याचा 'ऱ' कधी एका चिन्हात तर कधी 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत येतो, त्यामुळे आधी सगळे शब्द एकाच रूपात आणून घ्यायचे. साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं, नवे अलंकार न वापरता. त्याचं कारण पुढच्या पानावर.

29 जून, रविवार

क्यूएमएल, म्हणजे क्यूटीची पडदे लिहायची भाषा. निर्णय झाला.

क्यूटीला खेळांचं इंजिन कुणी म्हणत नाही, म्हणून इतके दिवस ते यादीतही नव्हतं. पण क्यूएमएलचा जन्मच फोनसाठी झाला आहे. 2010 मध्ये क्यूटी 4.7 सोबत ते आलं तेव्हा क्यूटी नोकियाकडे होतं, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या एन9 या मीगोच्या फोनवर त्याची करामत दिसली. नोकियातून बाहेर पडलेल्यांनी फिनलंडमध्ये योल्ला कंपनी काढली, तिचं सेलफिश ओएसही क्यूएमएलवरच आहे. उबुंटू टच, प्लाझ्मा मोबाइल, तिथेही तेच. लिनक्सच्या फोनांना एकत्र बांधणारा एखादा धागा असेल तर तो हा.

पाइनफोनवर चाचणीचे सगळे शब्द बरोबर. हार्फबझ क्यूटीतच आहे, ईएस 2.0 वर चालतं, वेलँडमध्ये थेट उघडतं, कडा स्वच्छ. मोठ्या आकारात अक्षरांचे कोपरे किंचित गोल वाटत होते. मजकूर काढण्याची पद्धत बदलून मूळ फॉन्ट यंत्रणेकडे दिली, शिरोरेघ धारदार झाली.

सर्वांत मोठा फायदा बॅटरीचा. खेळांची इंजिनं सहसा सेकंदाला साठ वेळा अख्खा पडदा रंगवत राहतात, समोर काही हलत नसलं तरी. गोडोत ते थांबवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम लावावी लागते. क्यूएमएल काही बदललं तरच रंगवतं. मूल 'ष'कडे बघत विचार करतंय तेव्हा फोननं कशाला राबायचं? पाइनफोनच्या तीन हजार एमएएचच्या आतबाहेरच्या बॅटरीला हे फार मोलाचं.

पुढे खेळ सेलफिशवरही न्यायचा तर एक अडचण आहे. तिथलं क्यूटी बराच काळ 5.6 वर अडकलं, परवान्याच्या कारणानं. तिथलं जावास्क्रिप्ट जुनं. नवी भाषा क्यूटी 5.12 पासून येते. म्हणून अक्षरं तोडण्याचा आणि जोडण्याचा सगळा भाग जुन्या जावास्क्रिप्टमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवला. वरचा पडदा प्रत्येक फोनसाठी थोडा वेगळा झाला तरी चालेल.

धावण्या-उडण्याचा, भिंतींना आपटण्याचा खेळ असता तर मी गोडोच घेतलं असतं आणि पाइनफोनची अट सोडली असती. तसं मित्रालाही सांगितलं.

6 जुलै, रविवार, आषाढी

फॉन्ट. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फॉन्ट सुवाच्य आहे आणि खुल्या परवान्याचा आहे. फोनवर देवनागरी फॉन्ट असेलच असं धरून चालता येत नाही, नसला तर नुसते चौकोन दिसतात. म्हणून फॉन्ट खेळाच्या आतच बांधला.

'ल' आणि 'श' यांच्याकडे वहिनींचं लक्ष जाणार हे माहीत होतं. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत ही अक्षरं मुळात हिंदी वळणाची असतात, आणि मराठी वळण आतल्या भाषेच्या खुणेमागे दडलेलं असतं. ती खूण प्रत्येक फोनवर नीट पोहोचेल यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. ओपन फॉन्ट परवाना बदल करू देतो. मूळ नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं. मराठी वळण हेच मूळ करून वेगळ्या नावानं फॉन्ट साठवला. पाठ्यपुस्तकात 'ल' जसा दिसतो तसाच खेळात दिसला पाहिजे, यात तडजोड नाही.

9 जुलै, बुधवार

पॅकेज. अल्पाइनच्या पॅकेजलाही एपीके म्हणतात आणि अँड्रॉइडच्या एपीकेशी त्याचा काही संबंध नाही. शाळेत फोन देताना हे शिक्षकांना आधी सांगावं लागेल. पीएमबूटस्ट्रॅपनं लॅपटॉपवरच एआरएमसाठी बांधणी होते. फ्लॅटपॅकही करता येईल, त्यात ग्लिबसी सोबतच येते म्हणून मसलचा प्रश्न उरत नाही. पण त्यासाठी क्यूटी-केडीईचा सगळा पसारा उतरवावा लागतो, आणि गावातल्या नेटवर्कवर तो भार कशाला. एपीके आधी, फ्लॅटपॅक दुसऱ्या वितरणांसाठी मागाहून.

फॉशच्या यादीत खेळ 'मोबाइलसाठी योग्य' म्हणून यावा यासाठी डेस्कटॉप फाइलीत एक ओळ लागते, ती घातली. खिडकी वर सरकवून कुणी कधीही बंद करेल, म्हणून प्रत्येक जोडीनंतर खेळ साठवला जातो. पडदा मागे गेला की अ‍ॅनिमेशन थांबतं.

वहिनींनी शब्दांची पहिली यादी पाठवली आहे. त्यात 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'कैऱ्या' एकाखाली एक आहेत, आणि समासात लिहिलंय, "हे तीन आधी घ्या भावजी, मुलं इथेच अडतात." उद्या तेच घेतो.