सोवळे आणि पोवळे

कोवलमच्या कोळीवस्तीमागे आमचे लहानसे घर आहे. बँकेच्या नोकरीपायी महाराष्ट्र सुटला, आणि निवृत्तीनंतर चेन्नई काही सोडवेना. घराच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीची काचेची टाकी आहे. ती माझ्या मुलीची. २०२२ साली शिक्षणासाठी ती जर्मनीस गेली, तेव्हा दोन विदूषक मासे, काही समुद्री गोगलगायी आणि दगडाला धरून वाढलेले एक मऊ प्रवाळ तिने माझ्या हवाली केले. दगडी पोवळे आमच्याकडे नव्हते. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वाघाच्या पंक्तीला बसले आहे. हे मऊ प्रवाळ त्याचे चुलत भावंड. बोटभर तुकड्यापासून तिने ते ओंजळीएवढे वाढवले होते. "बाबा, याला जपा," एवढेच ती निघताना म्हणाली.

जपणे म्हणजे स्वच्छ ठेवणे, असा माझा समज. माझी आई सोवळ्यात स्वयंपाक करी. हंड्याला कोणाचा हात लागला तर सगळे पाणी ओतून देई. त्या वळणाची थट्टा करीतच मी मोठा झालो. पण टाकीपुढे उभा राहिलो की तेच वळण माझ्या अंगात संचारे. दर आठवड्यास निम्मे पाणी बदलावे, वाळू उपसून धुवावी, फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे गाळणीत भरावेत. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याचे पाणी मी कधी आणले नाही. यंत्रातून गाळलेल्या गोड्या पाण्यात पुड्यातले मीठ मिसळून मी घरच्या घरी समुद्र तयार करी. आमच्या दक्षिणेस नेम्मेली येथे २०१३ पासून समुद्रातले मीठ काढून दिवसाला दहा कोटी लिटर गोडे पाणी करू शकणारा प्रकल्प उभा आहे, आणि इकडे मी गोड्या पाण्यात मीठ कालवीत बसलेला. या विसंगतीचे तेव्हा हसू आले नाही. चाचणीत नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य येई, आणि थकबाकी नसलेले खाते पाहून बँकेतल्या माणसास जे समाधान होते ते मला होई.

२०२३च्या ऑक्टोबरात वाळूवर तपकिरी साय धरली. सायीतून शेंबडासारखे धागे लोंबत आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाशी हवेचा बुडबुडा असे. सकाळी ती विरळ दिसे, दुपारी दिव्याखाली दाट होई. मी ती ओढून काढली, पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. मग गोगलगायी उलथ्या पडू लागल्या. प्रवाळाने आपले सारे स्पर्शक आत ओढून घेतले आणि ते मुठीसारखे मिटले. मुलीला मी फोनवर "सगळे ठीक आहे" असे सांगत राहिलो. डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आले, तीन दिवस वीज गेली. बॅटरीवरच्या पंपाने मासे जगले आणि अंधारात साय नाहीशी झाली. निसर्गानेच उपाय केला म्हणून मी निश्चिंत झालो. वीज आली आणि आठवड्याभरात साय परतली.

तेव्हा मुलीला खरे सांगितले. ती रागावली नाही. तिने एक परीक्षा करावयास सांगितली. साय बाटलीत घेऊन जोराने हलवायची, कागदातून गाळायची आणि ते पाणी उजेडात ठेवायचे. (आमच्या घरच्या कॉफीच्या फिल्टरची भोके यासाठी फार मोठी.) तासाभरात त्या नितळ पाण्यात पुन्हा धागे जमले. हे डायनोफ्लॅजेलेट होते. तिच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ते अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे दिसले. टोकाला अदृश्य दोर बांधल्यासारखा प्रत्येक जण जागच्या जागी गरगरत होता. तिने नाव सांगितले, ऑस्ट्रिऑप्सिस. याचे विष माणसालाही बाधते. हातमोजे घातल्याखेरीज टाकीत हात घालायचा नाही, अशी तिने ताकीद दिली.

२०१९च्या ऑगस्टमध्ये चेन्नईचा समुद्र एका रात्री निळा पेटला होता. तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर आम्ही दोघे पाण्यात पाय बुडवून उभे होतो. तो प्रकाश नॉक्टिल्युका नावाच्या डायनोफ्लॅजेलेटचा होता. आणि प्रवाळाच्या पेशींत राहून, उजेडावर अन्न करून, त्याला पोसणारे जीव? तेही डायनोफ्लॅजेलेटच. ज्याला मारावयाचे आणि ज्याच्यावाचून प्रवाळ जगणार नाही, ते दोघे एकाच गोत्राचे. विष कोणते घालणार?

टाकीत शिरकाव कोठून झाला हा प्रश्नच गौण होता. असे चार जीव बहुतेक टाक्यांत असतातच. त्यांच्या शेजारी शैवाल, जिवाणू, करंडक वनस्पती दाटीने राहतात, म्हणून त्यांना जागा मिळत नाही. मी ते शेजारी उपाशी मारले होते. ऑस्ट्रिऑप्सिस मात्र उजेडावर जगतो आणि वेळप्रसंगी इतर सूक्ष्म जीव गिळूनही जगतो. माझ्या शून्यावर त्याचे राज्य झाले.

उपाय मला करवत नव्हता, कारण तो घाण करण्याचा होता. लोहाचे दाणे काढले. पाणी बदलणे थांबवले. माशांना दुप्पट खाऊ घातले, आणि नायट्रेट दशलक्षांत पाच भाग होईपर्यंत चिमटीचिमटीने घातले. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात येतो, म्हणून रात्रभर पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवले. वाळूतच दडून राहणारी जात असती तर तो दिवा कुचकामी ठरला असता. शेवटी मुत्तुकाडूच्या खाडीमुखाशी जाऊन वाटीभर चिखल आणला. चिखल काढून देणारा शेजारचा कोळी माझा संकोच पाहून तमिळमध्ये म्हणाला, "सार, समुद्र काय कोणी धुऊन ठेवतो?" तो चिखल टाकीत सोडताना हात थरथरला, हे कबूल करतो. त्यातून एक नखाएवढा खेकडाही आला. तो अजून सापडलेला नाही.

चार महिने लागले. प्रवाळाचा एक काठ कायमचा झडला. उरलेला भाग मार्चमध्ये एका दुपारी उमलला. मी मुलीला दाखवावयास फोन टाकीसमोर धरला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मागची काच हिरवी झालीय." ती मी पुसलेली नाही. उरलेल्या तीन गोगलगायी तेथे चरतात.