ओळंबा आणि घमेलें

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब चंदीगडास गेलों होतों. फ्रेंच स्थापत्यविशारद ल कार्ब्यूझिए यांनीं १९५१ सालीं या नगराची आंखणी हातीं घेतली. त्यांचें जुनें कार्यालय सेक्टर १९ मध्यें असून तेथें आज संग्रहालय आहे. बांधकामाच्या काळचीं कृष्णधवल छायाचित्रें पाहण्याची आम्हांस मोठी उत्सुकता होती.

हंगेरींत जन्मलेले छायाचित्रकार ल्युसिएँ हर्व्हे १९५५ व १९६१ सालीं या देशांत आले होते. गडद छाया, तिरप्या रेषा आणि कात्रीनें निःसंकोच छाटलेलें चित्र, ही त्यांची रीत. ती दृष्टि एकदां आली, कीं बांधकामाचें कोणतेंही चित्र भूमितीचें पान वाटूं लागतें.

असेंच एक चित्र आमच्यापुढें होतें. परांचीच्या उभ्या-आडव्या काठ्यांनीं आकाशाचे चौकोन पाडले होते. त्यांना छेदून एक चढण कर्णासारखी गेली होती, आणि तीवरून डोक्यावर घमेलीं घेतलेल्या मजूर स्त्रिया समान अंतरानें चढत होत्या. चढण तिरपी, पण प्रत्येक आकृति अगदीं लंबरूप! आयुष्यभर फळ्यावर लंब काढलेले आम्ही त्या रचनेची वाखाणणी करूं लागलों.

सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, "अहो, ती बाई रेघेसाठीं ताठ नाहीं. मान कलली तर ओला माल तोंडावर येईल."

आम्ही निरुत्तर झालों. डोक्यावरचा भार कण्यांतून सरळ पावलांत उतरला पाहिजे, नाहीं तर तोल जातो. म्हणून देह ओळंब्याप्रमाणें उभा. चढण सौम्य, कारण ती ओझ्यासह चढावयाची. अंतर समान, कारण पुढचीचें पाऊल उचलल्यावांचून मागचीला जागा नाहीं. जिचें श्रेय आम्ही कॅमेऱ्यास देत होतों, ती भूमिति श्रमानेंच आंखली होती. ती ओळखली, हें छायाचित्रकाराचें मोठेपण.

दुसऱ्या दिवशीं १९५५ सालीं पुरें झालेलें उच्च न्यायालय पाहिलें. उघड्या काँक्रीटवर सांच्याच्या फळ्यांचे ठसे अजून दिसतात. २०१६ सालीं युनेस्कोनें या वास्तुसमूहाचा जागतिक वारशांत समावेश केला. स्थापत्यविशारदाचें नांव जगभर झालें. त्या स्त्रियांचीं नांवें चित्राखालीं नव्हतीं.

भिंतीवरून बोट फिरवीत सौभाग्यवती म्हणाल्या, "इथें किती घमेलीं रिचवलीं असतील हो?"

हें गणित आम्हीं वर्गांत कधींच घातलें नव्हतें.