परत येणारे वंदन

वरळीच्या बी. डी. डी. चाळींत वंदनाचे अनेक प्रकार पाहावयास मिळतात. तालमीत उतरणारा मल्ल लाल माती कपाळाला लावतो व मारुतीला हात जोडतो. 1956 नंतर ज्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे बुद्धाच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिशरण म्हटले जाते. पुढे मुंबईत ज्युदो-कराटेचे वर्ग निघाले आणि आणखी एक वंदन मुलांच्या अंगवळणी पडू लागले.

जपानीत त्यास ‘रेई’ म्हणतात. विद्यार्थी आधी डावा गुडघा टेकतो, मग उजवा. टाचांवर बसून, तळवे भूमीस लावून मस्तक लववितो. उठताना उजवा पाय आधी!

पण हे वंदन कोणाला? जपानमधील कित्येक आखाड्यांत भिंतीवर शिंतो पंथाचा चिमुकला देव्हारा असतो. त्यापुढे दोनदा लवून, दोनदा टाळी वाजवून पुन्हा एकदा लवतात. सुमोचे मल्ल जागा शुद्ध व्हावी म्हणून रिंगणात मूठभर मीठ उधळतात. तेव्हा चाळीतील एखाद्या मुलाने ‘आम्ही देव मानीत नाही, मग येथे का वाकावे?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा नव्हे. ज्याच्या वाडवडिलांना गावी पिढ्यान्‌पिढ्या वाकून जोहार करावा लागला, आणि त्या जोहाराला उलट नमस्कार कधी मिळाला नाही, तो हे विचारणारच.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात आपला वर्ग काढला. जागा अवघ्या बारा चटयांची. शिष्यांच्या आदळआपटीने मंदिरातील मृतांचे नामफलक खाली पडत. बिचारे पुजारी त्रासून जात! अशा जागेस जपानी लोक ‘दोजो’ म्हणतात. हा शब्द मुळात कुस्तीचा नव्हे. बोधगयेस बुद्धाला जेथे ज्ञान झाले, त्या स्थानाला संस्कृतात ‘बोधिमंड’ म्हणतात. चिनी पंडितांनी त्याचे भाषांतर केले. ते जपानात गेले आणि ‘दोजो’ झाले. हा शब्द बिहारातून निघून, अर्धे आशिया खंड फिरून वरळीस आला. वरळीत जपानी भिक्षूंचे एक बौद्ध मंदिरही आहे.

वर्ग सुटताना विद्यार्थी शिक्षकांपुढे लवतात आणि शिक्षकही उलट लवतात. मग दोघे प्रतिस्पर्धी समोरासमोर येतात. नुकताच आपटलेला मुलगा कपडे सारखे करतो, वाकतो. मान किंचित वर करून पाहतो, तो ज्याने आपटले तोही तितकाच वाकलेला असतो.