शिडांची शर्यत

ऐन डिसेंबरात घामाच्या धारा, ही कल्पना करून पाहा! धाकट्या बहिणीकडे सिडनीला गेले होते, तेव्हाची गोष्ट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरला आणि आम्ही साऊथ हेडच्या कड्यावर जाऊन बसलो. दुपारी एकला तोफ झाली. थोड्याच वेळात शिडाच्या होड्या बंदराच्या तोंडातून खुल्या समुद्राकडे निघाल्या. दोरीवरची धोतरं वाऱ्यानं फुगावीत, तशी ती शिडं दिसत होती.

ही शर्यत टास्मानिया बेटावरच्या होबार्टपर्यंत, ६२८ सागरी मैलांची. पहिली झाली १९४५ साली. होड्या नऊच, आणि जिंकणारीचं नाव चक्क 'राणी'! तिला साडेसहा दिवसांहून जास्त लागले. २०१७ साली 'कोमांचे'नं तेच अंतर ३३ तास आणि काही मिनिटांत कापलं. १९४६ साली जेन टेट ही शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री ठरली.

पण वाटेत आहे बासची सामुद्रधुनी. तिथला समुद्र उथळ, त्यामुळे वादळात लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. १९९८ साली ११५ होड्या निघाल्या, पोचल्या अवघ्या ४४. सहा खलाशी दगावले, ५५ जणांना वाचवावं लागलं.

त्यानंतर एक नियम आला. सामुद्रधुनीच्या अलीकडे ग्रीन केप नावाचं भूशिर लागतं. तिथे प्रत्येक नाखव्यानं रेडिओवरून कळवायचं की होडी आणि माणसं पुढे जायला धडधाकट आहेत. तसं सांगता येत नसेल, तर शर्यत सोडायची. त्यात कमीपणा नाही.

बहिणीनं हे सांगितलं आणि हातातली पुरी हातातच राहिली. त्याच वर्षी गणपतीत अंगात ताप असताना मी पंचवीस पानं वाढली होती, रात्री शाळेचे पेपरही तपासले होते. शेवटी ओट्याशीच घेरी येऊन पडले. तोवर 'बरं वाटत नाही' हे शब्द तोंडातून निघाले नव्हते. कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही!

आता सणाच्या आदल्या रात्री मी स्वतःला विचारते, 'होडी ठीक आहे ना?' गेल्या दिवाळीत उत्तर 'नाही' आलं. अनारसे विकत आणले. सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळी असं सांगायची सोयच नव्हती गं."