गेलेला इलेक्ट्रॉन परत येतो का?

व्होल्टेज वाढतंय आणि करंट मात्र घसरतोय, हे पोटेन्शिओस्टॅटच्या स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मला वाटलं, गेलं यंत्र! शाळेपासून डोक्यात बसलेला ओहमचा नियम. इथे तर करंट एका शिखरापर्यंत चढला आणि पुढे चक्क उतरायला लागला.

सीनियर ताई नुसती हसली. "अगं, यंत्राला काही झालेलं नाही. इलेक्ट्रोडजवळचं फेरोसीन संपलं."

सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे लॅबच्या भाषेत सीव्ही, करताना द्रावण अजिबात ढवळायचं नसतं. लांबचे रेणू आपले सावकाश, विसरणाने येणार. ते पोचायच्या आत जवळचे सगळे इलेक्ट्रॉन देऊन मोकळे झालेले असतात, म्हणून करंट पडतो. मग व्होल्टेज उलटं फिरवायचं. इलेक्ट्रॉन देऊन तिथेच रेंगाळत असलेल्या फेरोसीनला, म्हणजे फेरोसिनियमला, इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि उलट दिशेचं दुसरं शिखर उमटतं. या जोडशिखरांच्या आकृतीला सगळे 'बदक' म्हणतात.

फेरोसीन १९५१ साली सापडलं. नारिंगी स्फटिक, कापरासारखा वास. दोन पंचकोनी वलयांच्या मधोमध लोखंडाचा अणू, भोवती १८ इलेक्ट्रॉनांचा भरलेला हिशेब. एक गेला की १७ उरतात आणि रंग निळा होतो, पण रेणूचा सांगाडा मोडत नाही. नवशिक्यांच्या हाती पहिल्यांदा हेच का देतात, ते इथे कळलं.

पण एवढ्याशा सेलमध्ये तीन इलेक्ट्रोड कशाला? ग्लासी कार्बनच्या इवल्याशा चकतीवर खरा प्रयोग घडतो. प्लॅटिनमची तार करंटचा भार उचलते. तिसऱ्या, चांदीच्या तारेतून जवळजवळ करंटच जात नाही. व्होल्टेज मोजायचं ते तिच्या तुलनेत. गंमत म्हणजे या तारेवरही पुरता भरवसा नाही, म्हणून शेवटी फेरोसीनच्या दोन शिखरांच्या मध्यालाच शून्य धरतात. आययूपॅकने १९८४ साली तशी शिफारसच केली आहे.

तयारीत अर्धा दिवस जातो. ओल्या कापडावर ०.०५ मायक्रॉनची ॲल्युमिना घ्यायची आणि त्यावर चकती इंग्रजी आठच्या आकड्यात घासत राहायची, आरशासारखी चमकेपर्यंत. ॲसिटोनायट्राइल हा द्रावक स्वतः वीज वाहून नेत नाही, म्हणून त्यात ०.१ मोलर टेट्राब्युटिलअमोनियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ. मग ऑक्सिजन घालवायला नायट्रोजनचे बुडबुडे. स्कॅन सुरू करताना सुई द्रावणाच्या वर उचलायची, कारण बुडबुडेही ढवळतातच.

पुस्तकात दोन शिखरांमधलं अंतर सुमारे ५९ मिलिव्होल्ट, माझं आलं ७४. माझा चेहरा पडला. ताई म्हणाली, "द्रावणाच्या रोधामुळे एवढं होतंच. उंची बघ." दोन्ही शिखरांची उंची सारखी होती. स्कॅनचा वेग सेकंदाला १०० वरून ४०० मिलिव्होल्ट केला, तर करंट चौपट न होता दुप्पट झाला. वेगाच्या वर्गमुळाशी तो बांधलेला असतो, आणि रेणू विसरणानेच येत आहेत याची ती खूण.

मग ताईने रुथेनोसीन दिलं. घडण तीच, फक्त लोखंडाच्या जागी रुथेनियम. मी बदकाची वाट बघत बसले. जाताना शिखर आलं, येताना रेघ सपाट! ऑक्सिडीकरण झालेला रेणू परतीच्या वेळेपर्यंत टिकलाच नव्हता. रुथेनियम आकाराने मोठा, त्याच्याभोवती जागा मोकळी. इलेक्ट्रॉन गेले रे गेले की द्रावक येऊन त्याला चिकटतो.

मी वहीत लिहिलं, 'रुथेनोसीन: रिव्हर्सिबल नाही.' ताईने त्याखाली पेनाने रेघ मारली. "ॲसिटोनायट्राइलमध्ये, असं लिही." १९९१ साली अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळ्या द्रावकात, धातूला न चिकटणारा, भलामोठा बोरेट आयन असलेलं मीठ वापरलं, आणि याच रुथेनोसीनचं परतीचं शिखर मिळवून दाखवलं. काही संयुगांच्या बाबतीत नुसता स्कॅन वेगाने नेला तरी मोडण्याआधी रेणू गाठता येतो.

आता कुणी एखादं कॉम्प्लेक्स रिव्हर्सिबल आहे म्हणून सांगितलं, की मी आधी विचारते: कोणत्या द्रावकात, कोणत्या मिठाबरोबर आणि किती वेगाने?