रानकोंबड्यासाठी दुर्बीण

दुर्बीण कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, “पाहायचंय काय?” तलावावरची बदकं पाहायची असतील तर उत्तर वेगळं. शहापूर-मुरबाडच्या रानात रानकोंबडा, चकोत्री, लावा असे जमिनीवर चरणारे, कोंबडीच्या कुळातले पक्षी पाहायचे असतील, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : 8×42.

याचं कारण पक्ष्याच्या स्वभावात आहे. माहुलीच्या पायथ्याचं तानसा अभयारण्य घ्या, नाहीतर मुरबाडकडचा सिद्धगडचा परिसर. राखी रानकोंबडा आधी ऐकू येतो, तोही झुंजूमुंजू होताना. पाड्यावरचा वाटाड्या म्हणतो, “दादा, आधी कान लावा.” गावच्या कोंबड्यापेक्षा ही बांग तुटक असते. मग पाचोळा उकरल्याचा आवाज येतो आणि पायवाट ओलांडताना पक्षी क्षणभर समोर दिसतो. तेवढ्यात दुर्बीण डोळ्याला लागून तो नजरेत यायला हवा. 8×42 मधला 8 म्हणजे आठपट मोठं दाखवणारी; दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून सहसा रानाचा कमी भाग दिसतो, हाताचा कंपही जास्त जाणवतो. शोधेपर्यंत पक्षी कारवीत शिरलेला असतो.

42 हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याला 8 ने भागलं की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद असतो. अंधुक उजेडात पन्नाशीतल्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. खिशात मावणाऱ्या 10×25 मध्ये हा आकडा अडीचवर येतो. मग पहाटे नराच्या मानेवरचे, पिसांच्या टोकाशी असलेले मेणासारखे चकचकीत ठिपके काळपटच दिसतात. याच पिसांना विलायतेत मासेमारीच्या गळांसाठी मोठी मागणी होती आणि त्यापायी हा पक्षी मारला जाई.

कुत्र्यांसह फेझंटच्या शिकारीला जाणारे परदेशातले शिकारीही बंदूक निवडताना असाच विचार करतात. कुत्रा पक्ष्याला जवळूनच उठवतो, म्हणून खांद्याला चटकन बसणारी, छर्रे लवकर पसरवणारी बंदूक त्यांना बरी वाटते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीची वाट बंद केली आणि ते योग्यच झालं. पाहण्याची ओढ मात्र शिकाऱ्याइतकीच तीव्र असू शकते. पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीपासून झाली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ती कोणती, हे विचारायला ते 1908 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले होते.

विकत घेताना दुर्बीण दुकानाबाहेर नेऊन सावलीतलं झाड पाहा. चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. कडा काळ्या दिसल्या तर ती तुमच्यासाठी नाही. उजव्या डोळ्याचा फरक जुळवणारी कडी फिरवून बघा. दोन-तीन मीटरवरचं पान स्पष्ट दिसायला हवं. आणि ती जलरोधक हवीच, कारण इथल्या पावसात साध्या दुर्बिणीच्या भिंगांना आतून बुरशी धरते.

एक विनंती. फेब्रुवारी ते मे हा रानकोंबडीच्या विणीचा मुख्य काळ आणि तिची अंडी जमिनीवरच असतात. पाड्यावरचं कुत्रं मागे यायला लागलं, तर त्याला तिथूनच परत पाठवा.