‘मामा, हा इथे कसा?’ : ऐतिहासिक चित्रपटांतील वंशवैविध्य आणि अचूकता

१/ काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीसोबत घरी ‘१९१७’ हा चित्रपट पाहत होतो. पहिल्या महायुद्धातील फ्रान्स. ब्रिटिश सैनिकांनी भरलेल्या ट्रकमध्ये एक शीख सैनिक दिसला. तिने विचारले, “मामा, हा इथे कसा?” मी सहज म्हणालो, “हल्ली असं दाखवावंच लागतं. सगळ्या वंशांची माणसं हवीत ना!” तिने मान डोलावली. माझे उत्तर चुकीचे होते. हा धागा त्या चुकीविषयी आहे.

२/ आधी वस्तुस्थिती पाहू. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मीरत या भारतीय सैन्याच्या दोन डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरल्या. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये लढलेले शिपाई खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. मार्च १९१५ मध्ये नव्ह शापेलच्या लढाईत भारतीय तुकड्या आघाडीवर होत्या. तेथील स्मारकावर, ज्यांचे अंत्यस्थान अज्ञात राहिले अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत.

३/ त्या प्रसंगावर आक्षेप घेताच येत नाही, असे मात्र नाही. चित्रपटाची कथा ६ एप्रिल १९१७ रोजी सुरू होते. भारतीय पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे रवाना झाल्या होत्या. फ्रान्समध्ये प्रामुख्याने घोडदळ उरले होते. शिवाय भारतीय सैनिक सहसा आपापल्या रेजिमेंटमध्येच लढत. ब्रिटिश पायदळाच्या ट्रकमध्ये एकटा शीख सैनिक असणे ही असंभाव्य नसली तरी विरळ गोष्ट होय. हा अभ्यासपूर्ण आक्षेप झाला. माझा आक्षेप या जातीचा नव्हता. मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

४/ काही महिन्यांनी नव्ह शापेलविषयी वाचताना हे सारे उमगले. भाचीला दूरध्वनी करून चूक कबूल केली. ती क्षणभर थांबून म्हणाली, “पण मामा, मग तेव्हा तू इतक्या खात्रीने कसं सांगितलंस?” या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

५/ आज देता येईल. महायुद्धावरचे जे चित्रपट पाहत मी मोठा झालो, त्यांतील बहुतेक सैनिक गोरे होते. तेच चित्र मी इतिहास म्हणून मनात साठवले आणि पुढे त्याच चित्राच्या आधारे नव्या चित्रपटाला खोटे ठरवले. पुरावा म्हणून माझ्यापाशी केवळ डोळ्यांची सवय होती.

६/ ही सवय एकतर्फी असते. पडद्यावर आलेले पात्र खटकते, गाळलेले पात्र खटकत नाही. १९४० मध्ये फ्रान्समधील ब्रिटिश फौजेसोबत भारतीय सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्या होत्या आणि त्यांतील शेकडो जवान डंकर्कहून इंग्लंडला पोहोचले. ख्रिस्तोफर नोलन यांच्या २०१७ च्या ‘डंकर्क’मध्ये ते दिसत नाहीत. तो चित्रपट पाहताना मी “हे इतिहासाला धरून नाही” असे एकदाही म्हटले नव्हते.

७/ आणखी मागे जाऊ. सोळाव्या शतकातील इंग्लंडचा राजदरबार म्हटला की आपल्या मनात एकही कृष्णवर्णीय चेहरा येत नाही. परंतु १५११ च्या वेस्टमिन्स्टर येथील शाही स्पर्धेच्या चित्रपटात, म्हणजे चित्रांच्या गुंडाळीत, घोड्यावर बसून तुतारी वाजवणारा एक आफ्रिकी वादक रेखाटलेला आहे. जॉन ब्लँक हे त्याचे नाव. त्याने आठव्या हेन्रीकडे रोजचे वेतन ८ पेन्सवरून १६ पेन्स करण्याचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला.

८/ मग कोणत्याही भूमिकेत कोणीही चालेल काय? येथे एक भेद करावा लागतो. २०१९ च्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये देव पटेल नायक आहेत. तो उघड मान्य केलेला रंगभूमीचा संकेत आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू आपल्या पूर्वजांनी डोळे भरून पाहिली; पुरुष स्त्रीभूमिका करतो म्हणून कोणी फसवले गेले नाही. संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक होता.

९/ माझी खरी अडचण ‘ब्रिजर्टन’सारख्या मालिकेपाशी येते. १८१३ चे लंडन. राणी कृष्णवर्णीय, सरदारही कृष्णवर्णीय. राजाच्या प्रेमविवाहामुळे वर्णभेद मिटला असा कथेचा खुलासा. प्रत्यक्षात ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली असली तरी वसाहतींत गुलामगिरी सुरूच होती. १८३३ च्या कायद्याने ती संपवताना २ कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, तीही मालकांना. मालिका कल्पित आहे, हे मान्य. कृष्णवर्णीय कलावंतांना भरजरी भूमिका मिळाल्या याचा आनंदही आहे. पण त्या मेजवानीतील साखर कोणाच्या श्रमांतून आली, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

१०/ हेच माप आपल्या घरातही लावले पाहिजे. १९८३ च्या ‘रझिया सुलतान’मध्ये याकूत या हबशी अमिराची भूमिका धर्मेंद्र यांनी चेहरा काळवंडवून केली. आपल्या देशात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज शतकानुशतके नांदत असताना! आणि मलिक अंबर? इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी हे नगर वसवले, जे आज छत्रपती संभाजीनगर आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. उद्या त्याच्यावर चित्रपट निघाला आणि दख्खनच्या दरबारात डझनभर आफ्रिकी चेहरे दिसले, तर ‘हल्ली असं दाखवावंच लागतं’ म्हणणारा कोणीतरी असेलच. काही वर्षांपूर्वी तो मीच असतो.

११/ आता एखादे पात्र खटकले की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. अशी माणसे तेथे खरोखर होती काय? नसतील, तर हा संकेत प्रेक्षकाला स्पष्ट कळतो काय? आणि त्या काळी सत्ता कोणाच्या हाती होती, हे चित्रपट लपवतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर “मला माहीत नाही, शोधू या” एवढेच म्हणतो. भाचीला त्या दिवशी हेच सांगायला हवे होते.

१२/ तुम्हाला एखाद्या ऐतिहासिक चित्रपटात खटकलेले, किंवा असायला हवे होते पण गाळले गेले असे पात्र आठवते काय? पुराव्यासह जरूर लिहा. धागा येथे संपतो.